मतमोजणी म्हणजे धावफलक नव्हे

मा. संपादक,
सादर नमस्कार.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल आपल्याकडची वृत्तपत्रे आणि वाहिन्या ज्या भाषेत देतात आणि माझ्यासारखे वाचक ते ज्या उत्साहाने पाहतात, त्याविषयी हे पत्र आहे. माझी लेक पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला स्थायिक झाली असून आता तिथली मतदार आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरात नेहमीचाच आहे.

6 नोव्हेंबर 2024 रोजी पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडे मंगळवारची संध्याकाळ असताना, आम्ही दोघे टीव्हीसमोर बसलो होतो. मेलबर्नची कसोटी पाहायला आमचे घर साधारण याच वेळी जागे होते. चहाचा थर्मास भरलेला होता आणि यजमानांनी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने निकाल ठरवणाऱ्या चुरशीच्या सात राज्यांचे रकाने आखले होते: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अॅरिझोना आणि नेवाडा. ते अनेक वर्षे शाळेच्या क्रिकेट सामन्यांना गुणलेखक म्हणून बसत असत, त्यामुळे दर अर्ध्या तासाला आकडे टिपून ठेवणे त्यांच्या हाताला सवयीचे आहे. आठ-साडेआठपर्यंत आमच्या तोंडी जे शब्द येत होते ते सगळे मैदानावरचे होते. कोण आघाडीवर आहे, कोण पिछाडी भरून काढतो आहे, कोणाचा डाव गडगडला, याच भाषेत आम्ही एका देशाचा कारभार कोणाकडे जाणार हे पाहत होतो.

हे साम्य काही आमच्या कल्पनेतले नाही. राज्याराज्यांतून अध्यक्ष निवडणाऱ्या 538 प्रतिनिधींपैकी 270 गाठायचे, हे लक्ष्य पाठलागाच्या धावसंख्येसारखेच डोळ्यांसमोर राहते. लाल आणि निळा हे दोन पक्षांचे रंग संघांच्या जर्सीसारखे वाटतात, पण ते पक्के झाले 2000 च्या निवडणुकीनंतर. त्याआधी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग वापरत असत. निवडणुकीचे अंदाज टक्केवारीत मांडण्याची पद्धत लोकप्रिय करणारे नेट सिल्व्हर मुळात बेसबॉल खेळाडूंच्या कामगिरीचे गणित मांडत असत, आणि त्यांचे ‘फाइव्हथर्टीएट’ हे संकेतस्थळ 2013 साली ईएसपीएन या क्रीडा वाहिनीनेच घेतले. 2020 च्या मतमोजणीत पडद्यावरच्या नकाशासमोर रात्रंदिवस उभे राहिलेले स्टीव्ह कॉर्नाकी त्याच हंगामात एनबीसी वाहिनीवर अमेरिकन फुटबॉल संघांच्या बाद फेरीत जाण्याच्या शक्यता समजावून सांगताना दिसले. साधने, माणसे आणि प्रेक्षक सारखेच असल्यावर पाहण्याची नजरही सारखी होणार.

माझे म्हणणे आहे ते इथून पुढे. क्रिकेटमध्ये धावा ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने फलकावर चढतात. चाळिसाव्या षटकात संघ पुढे असेल तर तो खरोखरच पुढे असतो. मतमोजणीत तसे काहीच नसते. मतदान केंद्रांची दारे बंद झाली की सामना संपलेला असतो, निकाल पेट्यांमध्ये आणि लिफाफ्यांमध्ये पडून असतो, आणि आपण पाहतो तो फक्त ती पाकिटे कोणत्या क्रमाने उघडली जातात हा भाग. त्यात कोणी पुढे जात नाही आणि कोणी मागूनही येत नाही.

2020 साली पेनसिल्व्हेनियात नेमके काय घडले ते म्हणूनच पुन्हा सांगावेसे वाटते. त्या राज्याच्या कायद्यानुसार टपालाने आलेल्या मतपत्रिका मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी अशा मतपत्रिका सुमारे 26 लाख होत्या आणि त्या पाठवणाऱ्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार फार मोठ्या संख्येने होते, तर रिपब्लिकन मतदार प्रामुख्याने केंद्रावर जाऊन मत देत होते. केंद्रांवरची मते आधी मोजून झाली, म्हणून बुधवारी पहाटे रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प सहा लाखांहून अधिक मतांनी पुढे दिसत होते. लिफाफे उघडत गेले तसे अंतर घटत गेले, शनिवारी 7 नोव्हेंबरला वृत्तसंस्थांनी डेमोक्रॅटिक उमेदवार जो बायडेन यांचा विजय जाहीर केला आणि अखेरीस ते त्या राज्यात सुमारे 80 हजार मतांनी जिंकले. असेच होणार हे मतमोजणीची माहिती असलेल्या लोकांनी मतदानाच्या कितीतरी आधी सांगून ठेवले होते.

परंतु ज्यांनी ती रात्र सामन्यासारखी पाहिली, त्यांच्या मनात एकच चित्र राहिले: जिंकत आलेला सामना कोणीतरी हिरावून घेतला. स्वतः ट्रम्प यांनीही त्याच पहाटे आपण जिंकल्याचे सांगितले. पुढे निकालाविरुद्धचे दावे एकामागून एक न्यायालयांत फेटाळले गेले, तरी ते चित्र पुसले गेले नाही, आणि 6 जानेवारी 2021 रोजी वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीवर जमाव चालून गेला. या घटनेला इतरही कारणे होती हे मी जाणते. तरीही आकड्यांच्या क्रमाला ‘आघाडी’ म्हणण्याची सवय त्या संशयाच्या मुळाशी होती, असे मला मनापासून वाटते. पंचांचा निर्णय पटला नाही म्हणून चाहता चार दिवस धुसफुसतो आणि पुढच्या मालिकेला पुन्हा जागा धरतो. निवडणुकीत मात्र पंचांवरचा विश्वास गेला की खेळायला पुढची मालिकाच उरत नाही.

चाहत्याची नजर आणखी एक गोष्ट करते. 1951 साली डार्टमथ आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा अतिशय दांडगाईचा सामना झाला, तेव्हा मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग दिसले, त्यांच्या निम्मेही डार्टमथच्या मुलांना दिसले नाहीत. फिल्म एकच होती, पण प्रत्येकाला आपल्या संघाच्या सोयीचे तेवढेच दिसले.

आणि उरलेल्या मतपत्रिकेचे काय? 2024 साली लेकीने मत दिले तेव्हा तिच्यासमोर अध्यक्षपदाखेरीज सिनेट सदस्य, प्रतिनिधिगृहाचा सदस्य, राज्याचे महाधिवक्ता, महालेखापरीक्षक, खजिनदार आणि राज्य विधिमंडळाचा सदस्य अशी सारी पदे होती. फोनवर ती एकेक नाव वाचून दाखवत होती आणि त्यांतले एकही मला ठाऊक नव्हते. सिनेटसाठी बॉब केसी आणि डेव्ह मॅककॉर्मिक यांच्यातली लढत तर 69 लाखांच्या आसपास मतांत जेमतेम 15 हजारांच्या फरकाने सुटली, केसी यांनी पराभव मान्य करायला 21 नोव्हेंबर उजाडला. रोमांचच हवा असेल तर सिनेटच्या लढतींत याहून चुरशीची लढत त्या वर्षी शोधून सापडली नसती. ती आमच्या वहीत नव्हती, आणि मी वाचते त्या कोणत्याही मराठी दैनिकाच्या पहिल्या पानावरही नव्हती.

आपल्याला विनंती एवढीच आहे की यापुढे असे निकाल छापताना ‘अमुक इतक्या मतांनी पुढे’ या ओळीशेजारी किती मते मोजायची राहिली आहेत आणि ती कोणत्या प्रकारची व कोणत्या भागातली आहेत, हेही ठळकपणे द्यावे. तिथे आपल्यासारखा मध्यवर्ती निवडणूक आयोग मतमोजणी करत नाही, प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा मतदानाच्या आदल्या दिवशी या सात-आठ राज्यांतली मोजणीची पद्धत सांगणारा एखादा स्तंभ आला तर फार उपयोग होईल. पुढची अध्यक्षीय निवडणूक 7 नोव्हेंबर 2028 रोजी आहे. यजमानांनी वहीत आतापासूनच प्रत्येक राज्यापुढे तिसरा रकाना आखला आहे, ‘शिल्लक मते’ असा. तो भरण्यासाठी लागणारे आकडे आपल्या अंकात मिळावेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली