सेवा किती, हे बिलावर ठरतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर, कारखानदार आता सेवेकडे वळले आहेत, अशा आशयाचा लेख वाचला. पुरावा म्हणून कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतली सेवा उत्पन्नाची टक्केवारी दिली होती. ही टक्केवारी जिथे जन्माला येते त्या टेबलावर मी बसत होते. भोसरीतल्या एका एअर कॉम्प्रेसरच्या कारखान्यात अकाउंट्सला 29 वर्षं काढली, त्यातली शेवटची 11 सर्व्हिस बिलिंगला. म्हणून हे पत्र.

कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 प्रमाणे मालाची विक्री आणि सेवेची विक्री वेगळी दाखवावी लागते. दाखवतातही. पण कुठली रक्कम कुठल्या ओळीत जाणार, हे करार कसा लिहिलाय त्यावर. समजा, आमच्या सर्व्हिसचा मुलगा चाकणला गिऱ्हाइकाकडे जाऊन ऑईल फिल्टर बदलून आला. करार कॉम्प्रिहेन्सिव्ह असला, तर फिल्टर, तेल, मजुरी सगळं एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या रकमेत, म्हणजे सगळी सेवा. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह असला, तर फिल्टरचं बिल स्पेअर्समध्ये, म्हणजे माल. मुलगा तोच, पाना तोच, फिल्टरचा पार्ट नंबरही तोच. सेवाकराच्या जमान्यात तर आणखी मजा होती. 2012 नंतर अशा कॉम्प्रिहेन्सिव्ह कराराच्या 70 टक्के रकमेला सेवा धरून कर भरायचा. करखात्याची सेवा 70, आमच्या वह्यांतली 100!

मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. तोवर आम्ही मशीन बसवून चालू करून देण्याचं बिल वेगळं करत होतो. आता मशीनबरोबरच बसवून देत असाल तर तो संमिश्र पुरवठा, मुख्य वस्तू मशीन, कर मशीनच्या दराने. सेल्सवाल्यांनी सांगितलं, दोन बिलं कशाला, किमतीतच घाला. घातली. त्या वर्षी आमच्या सेवेची टक्केवारी घसरली. साइटवर जाणारी मुलं मात्र आधीच्या वर्षीपेक्षा चार जास्त होती. बाहेरून आकडे बघणाऱ्याने काय निष्कर्ष काढला असेल, देव जाणे.

सरकारी पाहणीतूनही हे नीट हाती लागत नाही. वार्षिक उद्योग पाहणीचा एकक कारखाना. त्याचा वर्गीकरणाचा क्रमांक मुख्य उत्पादनावरून पडतो. आमची निम्मी सर्व्हिस मंडळी कोल्हापूर, नागपूरच्या भाड्याच्या गाळ्यांत बसायची, आणि तो गाळा काही कारखाना नव्हे.

भाचीच्या पीएचडीमुळे या विषयावरचं थोडं वाचलं. उद्योगांच्या या वळणाला ‘सर्व्हिटायझेशन’ हे नाव मिळालं 1988 मध्ये, वँडरमर्व आणि राडा या दोघांच्या लेखातून. पुढे 2008 मध्ये अँडी नीली या ब्रिटिश संशोधकाने 25 देशांतल्या 10 हजारांवर कंपन्या तपासल्या. त्याने कंपन्यांनी स्वतःच्या धंद्याचं जे वर्णन दिलेलं असतं ते वाचून, कोण कोणत्या सेवा देतो ते मोजलं. साधारण 30 टक्के कंपन्या माल आणि सेवा दोन्ही देणाऱ्या निघाल्या. त्या उलाढालीने मोठ्या होत्या, पण नफ्याचं प्रमाण मात्र कमी. आमच्या सर्व्हिस मॅनेजरना हे ऐकवलं असतं तर ते म्हणाले असते, मला आधीच माहीत होतं. वर्णनावरून मोजण्याचा धोका उघड आहे. आमच्या माहितीपत्रकावर ‘संपूर्ण हवा समाधान’ असं मी रुजू व्हायच्या आधीपासून छापलेलं होतं.

मला विचाराल तर तीन गोष्टी मोजाव्यात. विकलेल्या आणि अजून चालू असलेल्या मशीनपैकी किती करारात आहेत. पगारपत्रकावर शॉपफ्लोअरचे किती आणि साइटवरचे किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीन बंद पडलं तर भुर्दंड कोणाला. विमानाच्या इंजिनाचे उड्डाणाच्या तासावर पैसे घेण्याची पद्धत ब्रिस्टल सिडली या कंपनीने 1962 मध्येच आणली. इंजिन जमिनीवर बसलं की कंपनीचं मीटर बंद. कॉम्प्रेसरमध्येही मशीन न विकता घनमीटरवर हवा विकणारे आहेत. तिथे बिघाड झाला की बनवणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. आमच्याकडे बिघाड झाला की स्पेअर्सची विक्री व्हायची! महिनाअखेर टार्गेट कमी पडलं, की ‘एखादं एअरएंड (कॉम्प्रेसरचा हवा दाबणारा मुख्य भाग) जाऊ दे’ अशी थट्टा सर्रास चाले. अशा कंपनीची सेवा उत्पन्नात 25 टक्के दिसली, तरी ती सेवेकडे वळली असं मी म्हणणार नाही.

आणखी एक रकाना कुठेच येत नाही. सर्व्हिस कॉलच्या रजिस्टरमध्ये वॉरंटीतल्या फेऱ्यांची नोंद मी लाल शाईने करायचे. येणं-जाणं, दिवस, मुक्काम सगळं लिहायचं आणि रकमेच्या जागी शून्य. 2018-19 ला, माझ्या शेवटच्या वर्षी, त्या रजिस्टरची दर तिसरी ओळ लाल होती.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस, चिंचवड