बाळंतिणीच्या खाटेवरून, आई-बाबांना

बेळगाव,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी एवढंच म्हणाले, "मुलगी झाली, दोघीही बऱ्या आहोत." तेव्हा माझ्या हाताला रक्ताची दुसरी पिशवी लावलेली होती. ह्यांनी तुम्हाला ते कळू दिलं नाही, कारण मीच तशी ताकीद दिली होती. आपल्याकडचा पाऊस, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठच दिवस झालेले, आईचे गुडघे. तरी तुम्ही असाल तसे उठून निघाला असता. आज बारावा दिवस. टाके सुकलेत, बाळ अंगावर नीट पितंय. म्हणून आता सगळं लिहिते, रागावू नका.

आई, पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही, हे तुला किती लागलंय ते मला माहीत आहे. ओटी भरताना तू काही बोलली नाहीस, पण तांदूळ घालताना तुझा हात थरथरत होता. ओढा भरला की जांबोटीची वाट बंद होते. आषाढात तिथं राहणं धोक्याचं होतं, हे तुलाही पटलं होतं. पण पटलं म्हणून लागायचं राहत नाही.

कळा मंगळवारी पहाटे सुरू झाल्या. आधी घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो, नाव लिहीत नाही. दिवसभर तिथं होते. ओरडले की तिथली बाई दारातूनच म्हणायची, "तुझ्या एकटीलाच होतंय काय?" संध्याकाळी म्हणाले, गर्भपिशवीचं तोंड चार सेंटीमीटरवरच अडलंय, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. पाऊस कोसळत होता. ह्यांनी तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरलं होतं. मी रिक्षात बसून फक्त तुझं नाव घेत होते.

तिथं नर्सबाई अक्का भेटल्या. वॉर्डात सगळ्या बायका त्यांना अक्काच म्हणतात. आपल्यातही अक्का आणि कन्नडमध्येही अक्का, त्यामुळे हाक मारायला अडलं नाही. पन्नाशीच्या असतील, बैलहोंगलकडच्या. त्यांचं मराठी तोडकं, माझं कन्नड बाजारापुरतं. आल्या आल्या त्यांनी हात धुतले, स्टूल ओढून माझ्या डोक्याशी बसल्या आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?" दिवसभरात हे पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. मी रडायलाच लागले. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "अंजब्याडवा. ना इल्ले अदीनि." घाबरू नको बाई, मी इथंच आहे.

आणि खरंच होत्या. वॉर्डात आणखी बायका होत्या, म्हणून अक्का उठून जायच्या, पण जाताना सांगून जायच्या, "त्या खाटेकडे जाऊन येते." हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी "आता बघते हं" म्हणायच्या. बाळाचे ठोके मोजून मला आकडा मोठ्यानं सांगायच्या, 140, 136, 144. 110 ते 160 मध्ये असलं की बाळ बरं आहे, असं त्यांनी समजावलं होतं, म्हणून मीही त्या आकड्याची वाट बघायला लागले. कळ आली की माझ्या कंबरेवर, माकडहाडाच्या जरा वर, तळहाताची टाच घट्ट दाबून धरायच्या. दुखणं जात नव्हतं, पण त्याला भिंतीचा टेकू मिळाल्यासारखं व्हायचं. मला दोन फेऱ्या चालवलं, डाव्या कुशीवर वळवलं, गूळ घातलेला चहा चमच्यानं पाजला.

रात्री दोनला तोंड पूर्ण उघडलं. तासभर जोर लावला, डोकं येईना. ठोके 90 वर आले तेव्हा अक्कांनी आकडा सांगितला नाही, तेवढ्यावरून मला कळलं. डॉक्टरबाई धावत आल्या, व्हॅक्यूम लावला. तीन वाजून वीस मिनिटांनी तुमची नात रडली. 2 किलो 900 ग्रॅम. आई, तुझ्या सुती लुगड्याचा जो तुकडा तू पिशवीत घातला होतास, त्यातच तिला गुंडाळून माझ्या छातीवर ठेवलं.

मांडीत इंजेक्शन दिलं, वार पडली. सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास टाकला. डॉक्टरबाई दुसऱ्या खाटेकडे गेल्या. मला मात्र छान गुंगी यायला लागली, पाय गार पडत होते, पण मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. अक्कांनी चादर उचलली, ओटीपोटावर हात ठेवला आणि एकदम हाक मारली, तशी हाक त्यांनी रात्रभरात मारली नव्हती. पिशवी नारळासारखी टणक व्हायला हवी, ती मळलेल्या कणकेसारखी मऊ होती आणि अंगावरून रक्त जात होतं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दोन्ही हातांत सलाईन, लघवीसाठी नळी, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे पिशवी आवळत नाही. रक्त थांबवायचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड शिरेतून दिलं. ह्यांना रक्तपेढीकडे पिटाळलं. आणि या सगळ्यात अक्कांचा एक हात माझ्या पोटावर, गोल गोल, इतका जोरात की मी हात झटकायला बघत होते. "शिव्या दे मला, पण हात काढणार नाही," असं म्हणत होत्या. मधूनच माझं नाव घेऊन विचारायच्या, "बाळाचं नाव काय ठेवणार? आईचं गाव कुठलं? तिथली देवी कुठली?" मला झोपू द्यायचं नव्हतं त्यांना. मी सगळ्याची उत्तरं मराठीत देत होते. त्यांना किती समजलं कुणास ठाऊक, पण पुढचा प्रश्न तयार असायचा.

उजाडता उजाडता पिशवी आवळली. माझ्या पोटावर त्यांच्या बोटांचे काळेनिळे वळ उठलेत, अजून गेलेले नाहीत. अंघोळ घालताना सासूबाईंना ते बघून वाईट वाटतं. मला नाही वाटत.

बाबा, तुम्ही धाकट्याच्या वेळची गोष्ट कधी सांगत नाही. चुलतीनं सांगितली होती. सुईण हरली, आईचं रक्त थांबेना, मग तुम्ही आणि चौघं खाटेला बांबू बांधून पावसात ओढ्यातून जांबोटीपर्यंत गेलात, तिथून जीप. वर्षभर आई अंथरुणातून धड उठली नाही. मला ते तेव्हा गोष्टीसारखं वाटलं होतं. आता त्या खाटेवर पडून आई कशाकडे बघत असेल, ते कळतं.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरबाईंनी एक सांगितलं, ते तुम्हाला सांगायचंच होतं. आपल्याच बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत 2002 ते 2005 दरम्यान एक मोठा अभ्यास झाला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 बायका त्यात होत्या. गावच्या नर्सबाईंनी निम्म्या बायकांना बाळ झाल्या झाल्या मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भपिशवी आवळणाऱ्या, गोळ्या दिल्या, 600 मायक्रोग्रॅम. गोळ्या न मिळालेल्यांत शंभरातल्या 12 जणींचं रक्त फार गेलं, मिळालेल्यांत साधारण सहा जणींचं. 2006 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रक्तस्राव टाळण्यासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. तिला थंडावा लागत नाही, सुई लागत नाही. आई, तुझ्या वेळी आपल्या सुईणीच्या बटव्यात तेवढं असतं तर कदाचित बाबांना ओढा ओलांडावा लागला नसता, हेच डोक्यात फिरत राहिलं.

निघताना ह्यांनी पाकीट पुढं केलं. अक्कांनी ते ह्यांच्याच खिशात परत घातलं. मी साडी देऊ का म्हटलं, नको म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "घरात जुनी सुती लुगडी असतील तर दे. रात्री ॲम्ब्युलन्समधून बायका येतात, बाळाला गुंडाळायला कुणाकडे काही नसतं. नवं कापड टोचतं पोराला."

आई, तुझ्या ट्रंकेत आजीची तीन लुगडी आहेत, ती तू कुणाला हात लावू देत नाहीस, ते मला माहीत आहे. त्यातलं हिरवं, काठ विरलेलं, ते दे. उकळत्या पाण्यातून काढ, ऊन पडलं की कडक वाळव आणि हातभर लांबीचे तुकडे करून बाबांकडून एसटीच्या कंडक्टरजवळ पाठव. अक्कांची या महिन्यात रात्रपाळी आहे. हे नेऊन देतील.

तुमची,
थोरली