रिफंडसाठी लिंक कशाला लागते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रिटर्नची तारीख उलटली की दरवर्षी तेच सुरू होतं, "तुमचा इन्कमटॅक्स रिफंड मंजूर झालाय, खालच्या लिंकवर जाऊन खातं व्हेरिफाय करा". मी रिटर्न भरून द्यायचं काम करतो त्यामुळे लोक मला हे मेल फॉरवर्ड करून "खरंय का हो?" विचारतात, आणि त्यात बँकेतून रिटायर झालेलेही असतात बरं का. २०२३ मध्ये असाच एक मेसेज फिरत होता, रक्कम १५,४९० रुपये, शेवटी सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला तो खोटा आहे म्हणून सांगावं लागलं. आकडा असा गोल न ठेवता दिला की वाटतं कुणीतरी हिशोब करूनच पाठवलाय.

अहो पण रिफंड येतो कसा ते तरी बघा. आयकर पोर्टलवर जे बँक खातं आपण प्री-व्हॅलिडेट केलेलं, म्हणजे आधीच तपासून नोंदवलेलं असतं त्यातच पैसे थेट जमा होतात, त्यासाठी कार्ड नंबर, पिन, नेटबँकिंगचा पासवर्ड असलं काही आयकर खातं मेलवर कधीच मागत नाही. मागितलं की समजायचं चोर आहे.

स्पेलिंग चुकलं असेल तर मेल खोटा, हा जुना सल्ला आता टाकून द्या, हल्लीचे खोटे मेल सरकारी मेलपेक्षा शुद्ध इंग्लिशमध्ये असतात! वेबसाइटचं नाव बघायचं तर सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडे शेवटी काय आहे ते बघा, तिथे डॉट जीओव्ही डॉट इन (.gov.in) पाहिजे, त्याआधी इन्कमटॅक्स दहादा लिहिलेलं असलं तरी उपयोग नाही. पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा दाखवता येतो, म्हणून मेल बंद करून पोर्टल स्वतः टाइप करून उघडलेलं बरं. नोटीस आली म्हणून घाबरला असाल तर १ ऑक्टोबर २०१९ पासून नोटिशीवर डीआयएन म्हणजे त्या कागदाचा ओळख नंबर असतो, तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो.

बँकांचं तर विचारूच नका. एकीकडे "अनोळखी लिंक उघडू नका" असा एसएमएस, दुसरीकडे त्यांच्याच जाहिरातीच्या मेलमध्ये भलत्याच वेबसाइटवर नेणारं मोठ्ठं बटण, मग गिऱ्हाईकाने ओळखायचं कसं? रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत शेवटी डॉट बँक डॉट इन (.bank.in) असलेल्या वेबसाइटच्या पत्त्यावर यायला सांगितलं, काम चांगलंच आहे, पण आमच्या शाखेत त्याचा साधा कागद चिकटवलेला दिसला नाही. तुम्ही तरी पहिल्या पानावर चौकट छापा.

आणि कुणी माहिती भरून बसलंच तर घरच्यांपासून लपवत बसू नये, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार आपल्या चुकीने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर गेले तर बँकेचं. त्यामुळे तक्रार नंबर आणि वेळ दोन्ही लिहून घ्या, फोनवरचा माणूस "नोंद झाली" म्हणाला तरी.

आपला,
एक वाचक, सांगली