गुणतक्त्याला दोन इंच जागा द्या

महोदय,

आमच्या कोल्हापूरची फुटबॉल लीग निम्म्यावर आली की गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री वेगळाच बाजार भरतो. दूध धारोष्ण, डोकी मात्र उकळलेली. शेजारी म्हैस शांतपणे रवंथ करत असते आणि मिशांना फेस लागलेली माणसं "यंदा आपणच" म्हणत एकमेकांच्या अंगावर येतात. मी गेली पस्तीस-चाळीस वर्षं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसतोय. माझी तालीम, म्हणजे माझा फुटबॉल संघ, कोणती ते लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे वाचक इथंच पान उलटतील.

गेल्या गुरुवारी दोघांचं जुंपलं. "लेका, तुमचं सातच पॉइंट हाईत." "सात कुठलं? आठ! ती बरोबरी धरली न्हाईस तू." चार मॅचचा हिशेब, एका गुणाचा फरक आणि आवाज पार पंचगंगेच्या घाटापर्यंत. शेवटी तिसऱ्यानं मोबाइल काढला. त्यावर कुणीतरी तयार करून फिरवलेला रंगीत गुणतक्ता होता, तालमींच्या चिन्हांसकट. सगळे गप्प झाले. छापल्यासारखं दिसलं की माणूस गप्प होतोच.

मी पतसंस्थेत तीस वर्षं खतावण्या लिहिल्या. तक्ता दिसला की आधी बेरजा मारायची सवय काही जात नाही. गटातल्या सगळ्यांचे विजय आणि सगळ्यांचे पराभव यांची बेरीज सारखीच आली पाहिजे, कारण एक जिंकला की दुसरा हरलेलाच असतो. बरोबऱ्यांची बेरीज सम यायला हवी. केलेले गोल जेवढे, खाल्लेले गोलही तेवढेच. त्या तक्त्यात केलेले ३१ आणि खाल्लेले २९. म्हणजे दोन गोल मारले गेले, पण ते कुणाच्याच जाळीत गेले नाहीत! हे दाखवल्यावर पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा मोठ्यानं. मी ग्लास ठेवला आणि घरी आलो.

संपादकसाहेब, तुमच्या अंकात सामन्याची बातमी झकास येते. कितव्या मिनिटाला गोल, पास कुणाचा, गोलकीपरनं काय अडवलं, सगळं असतं, वर फोटोही. नसतो तो फक्त गुणतक्ता. सकाळी चहाबरोबर बातमी वाचून होते, पण आता आपण कितवे, हे काही कळत नाही. मग ती पोकळी कट्ट्यावर भरली जाते, ज्याच्या त्याच्या तालमीच्या सोयीनं.

आणि आमच्या लीगला तक्त्याची गरज मोठ्या लीगपेक्षा जास्त आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ आणि प्रत्येकी ३८ सामने. तिथं निम्मा मोसम म्हणजे १९ सामने झालेले आणि तेवढेच चूक भरून काढायला शिल्लक. आमच्याकडं आठ संघांचा गट, प्रत्येकाशी एकदाच गाठ, म्हणजे वाट्याला सात सामने. निम्मं म्हणजे तीन किंवा चार! इथं एक बरोबरी म्हणजे तिथल्या पाच-सहा बरोबऱ्यांएवढी जड. त्यातही सगळ्यांचे सामने सारखे झालेले नसतात. पाच सामन्यांत १० गुणवाला मिरवत असतो आणि तीन सामन्यांत ९ गुणवाला कोपऱ्यात गुपचूप दूध पीत असतो. 'सामने' हा रकाना डोळ्यांसमोर नसेल, तर पहिल्याच्याच गळ्यात हार पडतो.

आमच्या पिढीची एक खोड इथं कबूल करतो. आम्ही अजून बरोबरीला अर्धा विजय समजतो. १९९० च्या विश्वचषकापर्यंत विजयाला दोनच गुण होते, तेव्हा ते खरंही होतं. इंग्लंडनं १९८१ मध्येच तीन गुण सुरू केले, विश्वचषकात ते १९९४ ला आले. आता बरोबरी म्हणजे विजयाचा तिसरा हिस्सा. सातही सामने बरोबरीत सोडवून एकदाही न हरलेल्या संघाचे गुण सात. तीन जिंकून चार हरलेल्याचे नऊ. "आपण अजून हरलोय कुठं?" असं छाती पुढं काढून सांगणाऱ्याला हे पटवता पटवता माझं दूध थंड होतं.

घरातही सुटका नाही. पुतण्या लंडनच्या आर्सेनल संघाचा भक्त. २०२२-२३ च्या मोसमात १९ सामन्यांत त्यांचे ५० गुण झाले, तेव्हा या पठ्ठ्यानं लाल-पांढऱ्या टी-शर्टात पेढे वाटले. मी म्हटलं, "अरे, १९९६ च्या जानेवारीत न्यूकॅसल १२ गुणांनी पुढं होतं, तरी लीग मँचेस्टर युनायटेडनं नेली. पेढे मे महिन्यात वाट." तर म्हणतो, "काका, तुमचं कायम रडगाणं." मे महिन्यात मँचेस्टर सिटी ८९, आर्सेनल ८४. पेढ्यांचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही. उलटंही होतं म्हणा. २०१४ च्या नाताळात लेस्टर तळाला होतं, त्या मोसमात ते कसंबसं वाचलं आणि पुढच्याच मोसमात चक्क विजेतं झालं. मात्र हे सगळं तक्त्यावर बोट ठेवून बोलता येतं, कारण त्यांचा तक्ता पुतण्याच्या मोबाइलवर चोवीस तास असतो. लंडनचा संघ कितवा, हे मंगळवार पेठेत मिनिटात कळतं. मंगळवार पेठेतली तालीम कितवी, यावर मात्र हाणामारीची वेळ येते. पाटाकडील असो, दिलबहार असो, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल की फुलेवाडी, प्रत्येकाच्या समर्थकाची हीच गत.

तक्त्याखाली एक ओळ आणखी हवी. गुण सारखे झाले तर पुढं कोण? इंग्लंडमध्ये आधी गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा, बघतात. २०१२ ला मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण झाले आणि सिटी आठ गोलांच्या फरकानं जिंकलं. स्पेनमध्ये आधी त्या दोन संघांमधले आपसातले सामने बघतात. कट्ट्यावर मात्र ज्याला जो नियम सोयीचा, तो त्या देशाचा नागरिक. आमची लीग भरवणाऱ्या केएसएचा (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा) यंदाचा नियम जसाच्या तसा छापलात, तर निम्मा कट्टा तरी भारतात परत येईल.

जागा किती लागेल, तेही मोजलंय. आठ ओळी, सात रकाने: संघ, सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोलफरक, गुण. तुमच्या अंकात एका कॉलमात दोन इंच. मी तो दर सामन्यानंतर दुरेघी वहीत लिहितो, शिसपेन्सिलनं, कारण गुण बदलतात आणि खाडाखोड मला बघवत नाही. जागेची अडचण असेल, तर रोज नको, सोमवारी द्या. बातमीदार कामात असतील, तर रविवारी संध्याकाळी बेरजा तपासून तक्ता मी स्वतः कचेरीत आणून देईन. मानधन नको.

जाता जाता एक तक्रार. पंधरवड्यापूर्वीच्या एका सामन्याच्या बातमीत तुमच्याकडं मथळ्यात ३-१ आणि आत ४-१ छापून आलंय. मी त्या दिवशी जयसिंगपूरला लग्नाला गेलो होतो. दोघांना विचारलं. एक म्हणाला, चौथा गोल ऑफसाइड दिला. दुसरा म्हणाला, छे, ऑफसाइड कसला, शिट्टीच नंतर वाजली. दोघे कोणत्या तालमीचे, हे सांगायला नको. माझ्या वहीत त्या संघाच्या गोलफरकाच्या चौकटीत अजून प्रश्नचिन्ह आहे. खरा निकाल काय, तेवढं कृपया कळवावं.

आपला,
एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर