मारून पोरं सुधरत नाहीत
संपादक साहेब, नमस्कार. आमच्या गल्लीत लोक अजून अभिमानाने सांगतात की बापाने पट्ट्याने फोडलं म्हणून आम्ही सरळ झालो, पण त्यातलेच काहीजण आज बायकोवर हात उचलतात हे मी डोळ्यांनी बघतोय. 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधक एलिझाबेथ गर्शॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने 75 अभ्यास, दीड लाखाहून जास्त मुलांचा डेटा तपासला, तर साध्या फटक्यांचाही संबंध मुलांच्या आक्रमकपणाशी दिसला. मार खाल्लेलं प्रत्येक पोर हिंसक होतं असं नाही, पण राग आला की हात उचलायचा हे ते घरातच शिकतं ना. शाळेत मारायला 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, स्वीडनने तर 1979 मध्येच घरातलं मारणंसुद्धा बंद केलं. पालकसभेत नुसत्या मार्कांवर नको, यावरही बोला प्लीज.
- एक आजोबा