इतिहासाच्या पेपरात एक ‘अपठित पुरावा’ हवा

महोदय,

इतिहास हा पाठांतराचा विषय आहे, अशी समजूत मुलांची असते, पालकांची असते आणि, खोटे कशाला बोलू, आम्हा शिक्षकांपैकी पुष्कळांचीही असते. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षे इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवतो आहे. त्यांतली पहिली दहा-बारा वर्षे धडा वाचून घेणे, स्वाध्याय फळ्यावर सोडवून देणे आणि पोर्शन वेळेत संपवणे यालाच मी शिकवणे समजत होतो. गंमत अशी की २०१८ साली आलेल्या दहावीच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या दोन प्रकरणांनी होते, तिसरे प्रकरण उपयोजित इतिहासाचे, म्हणजे इतिहासाच्या ज्ञानाचा आजच्या जगण्यात उपयोग कसा करायचा याचे आहे. आणि तरीही पुरावा तपासल्याशिवाय विधान स्वीकारू नये, हे वाक्य आमची मुले एकही पुरावा न पाहता पाठ करतात.

नववीचा ‘इतिहासाची साधने’ हा पहिला धडा मी आता गावातल्या महादेवाच्या देवळामागे घेतो. तिथे शेंदूर फासलेला एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड आहे, ज्याला टेकवून पोरे सायकली लावत असत. पहिल्या वर्षी मी मुलांना एवढेच सांगितले, की जे दिसते ते लिहा, जे ठाऊक आहे असे वाटते ते लिहू नका. तळाच्या चौकटीत मारामारी चालली आहे, एक माणूस आडवा पडला आहे, शेजारी गाई आहेत. मधल्या चौकटीत दोन बायका त्याला धरून नेत आहेत. त्याच्या वर तो पिंडीपुढे हात जोडून बसला आहे आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य आहेत, एवढे वहीत उतरायला वीस मिनिटे गेली. मग मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, “सर, हे खालून वर वाचायचंय!” गाई सोडवताना पडलेला वीर अप्सरांबरोबर कैलासाला गेला आणि चंद्र-सूर्य असेतो त्याची कीर्ती राहील, हे मी वर्गात दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो, पण मग ते माझे राहिले असते.

खरी मजा पुढेच होती. हा शिवाजी महाराजांचा मावळा असल्याचे एकाने छातीठोकपणे सांगितले आणि दुसऱ्याने विचारले, “कशावरून?” दगडावर नाव नाही, लेख नाही, असे दगड महाराष्ट्रात यादवकाळात आणि त्याच्या आगेमागेही मोठ्या संख्येने उभारले गेले, तेव्हा हा वीर अमक्याचाच असे म्हणायला आधार नाही, हे मुलांनी थोडे नाराज होऊन का होईना, मान्य केले. महाराजांवरचे त्यांचे प्रेम त्याने तसूभरही उणे झाले नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा प्रश्नांची धास्ती हल्ली मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक वाटते.

त्याच नववीत १९६० नंतरचा भारत शिकवायचा असतो, आणि आमच्या भागात त्याचे साक्षीदार अजून ओट्यावर बसलेले सापडतात. १९७२ च्या दुष्काळाविषयी घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला पाचच प्रश्न विचारून उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा, असा गृहपाठ मी देतो. खडी फोडायचे काम, पाझर तलावावर वाहिलेल्या मातीच्या पाट्या, मदत म्हणून वाटलेला सुकडी हा पौष्टिक खाऊ, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे सारे वह्यांतून येते. पण साक्षी जुळत नाहीत. एक आजोबा सांगतात, तेव्हा धान्य नव्हते पण विहिरीला पाणी होते. दुसऱ्या आजी सांगतात, घागरभर पाण्यासाठी कोसभर जावे लागे. मुले विचारतात, खरे कोण बोलते? मी विचारतो, कोणती विहीर, कोणाच्या मळ्यातली, ती किती खोल होती? मुले पुन्हा विचारायला जातात. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे मला याहून सोपे करून सांगता आलेले नाही.

मात्र एक वर्ष असे आले, की एका मुलाने आणलेल्या वहीत त्याच्या आजीचे वाक्य होते: “खडी एकाच जागी फोडायचो, पण पाण्याचा माठ आमचा वेगळा.” वर्ग गप्प झाला आणि मीही. त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून आम्ही २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले ते वाचले, आणि त्या घटनेनंतर पंचेचाळीस वर्षांनी वेगळा माठ कसा काय उरला, यावर मुले बोलली. जाता जाता माझ्या व्यवसायबंधूंना एवढे सांगतो, की असा गृहपाठ देणाऱ्याने कोणते उत्तर येऊ शकते याचा आधी विचार करून ठेवावा आणि कोणतीही वही मुलाला विचारल्याशिवाय वर्गात मोठ्याने वाचू नये. माझ्याकडून ती चूक झाली होती.

नागरिकशास्त्राला तर साहित्य शोधावेही लागत नाही. घरपट्टीची पावती पुरते. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी हे रकाने वाचले, की गल्लीतला बंद दिवा आणि ग्रामसभा यांचा संबंध मुले आपण होऊन जोडतात.

आता मुद्द्याचे. असे उपक्रम शाळांत होत नाहीत असे नाही. होतात, पण पुष्कळदा फोटो काढून व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापुरते आणि ऑनलाइन माहितीची लिंक भरण्यापुरते. जानेवारी उजाडला की आम्ही सगळेच गाईड आणि प्रश्नसंचांकडे वळतो, आणि त्यात शिक्षकाचा दोष मानायला मी तयार नाही, कारण इतिहास व राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या पेपरात जे विचारले जाते ते पाठ करून लिहिता येते. चुकीची जोडी ओळखा, टिपा लिहा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, विधान सकारण स्पष्ट करा. यातले कारणसुद्धा छापलेले मिळते. जे परीक्षेत नाही ते वर्गात टिकत नाही.

म्हणून माझी सूचना एकच आहे. मराठीच्या पेपरात अपठित गद्य असते, तसा इतिहासाच्या पेपरात चार गुणांचा एक अपठित पुरावा असावा. पाठ्यपुस्तकात नसलेले एखादे पत्र, जुनी जाहिरात, नाण्याचे किंवा वीरगळाचे चित्र, एखाद्या मुलाखतीतल्या पाच ओळी द्याव्यात आणि विचारावे: यात काय दिसते, यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही? उत्तरे एकसारखी येणार नाहीत, मग तपासायची कशी, ही शंका रास्त आहे. पण मराठीत स्वमताचे प्रश्न आपण तपासतोच, आणि तिथेही आदर्श उत्तर एकच नसते.

आमच्या शाळेत दोन वर्षे आम्ही घटक चाचणीत हा प्रयोग करतो. गेल्या चाचणीत कोणाच्या तरी माळ्यावर सापडलेली जुनी एसटीची तिकिटे दिली होती. त्यांवरून प्रवासभाडे सांगता येते, असे बहुतेकांनी लिहिले. एरवी काठावर पास होणाऱ्या एका मुलाने तिसऱ्या प्रश्नाला लिहिले होते: “हा माणूस का गेला ते तिकिटावरून कळत नाही. ते त्याच्या घरी विचारावे लागेल.” त्याला मी चारपैकी चार दिले.

आपला,
एक इतिहासशिक्षक, जि. सातारा