बाबा, तुम्ही विचारलेल्या आमदारांबद्दल

आई-बाबा, नमस्कार,

मी एकदम मजेत आहे. आई, फोटोत बारीक दिसतेय म्हणून काळजी करू नकोस, दोन्ही वेळा जेवते, तूरडाळ इथल्या इंडियन स्टोअरला मिळते आणि तू दिलेलं मेतकूट अजून शिल्लक आहे. बाकी रिचमंडचं रोजचं तुम्हाला माहितीच आहे.

बाबा, मागच्या कॉलला तुम्ही म्हणालात की दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन आमदारांचा अभ्यास करून पोट कसं भरणार, मी गप्प बसले कारण मागे आत्या बसलेली दिसत होती. पण उत्तर आहे माझ्याकडे, आणि तुम्ही आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंत म्हणून तुम्हालाच नीट सांगते.

आपल्याकडे राज्यसभेचे खासदार आमदार निवडून देतात ना, तसंच इथेही १९१३ पर्यंत सिनेटर निवडायचं काम राज्याच्या विधिमंडळाचं होतं. पण आपल्याकडे एकदा निवडून दिलं की आमदारांचा संबंध संपला, पुढे पक्षाचा व्हिप. इथे आमदार चक्क ठराव पास करून वॉशिंग्टनला आपल्या सिनेटरला लेखी आदेश पाठवायचे, की अमुक बिलावर असंच मत द्या. आता यात न कळण्यासारखं काय, तर घटनेत असल्या आदेशाबद्दल एक अक्षर नाही. सिनेटरची टर्म सहा वर्षांची, मधेच परत बोलवायचा अधिकार आमदारांना नाही, आदेश मोडला तर शिक्षा नाही, फार तर पुढच्या वेळी निवडून देणार नाहीत. तरीही, आणि व्हर्जिनियात तर जास्तच, असं मानायचे की आदेश पटला नाही तर तो मोडायचा नाही, राजीनामा देऊन घरी यायचं. सगळे पाळायचे असं नाही, पण न पाळणाऱ्याला लोकांना तोंड दाखवणं अवघड व्हायचं. मॅसॅच्युसेट्सच्या आमदारांनी तर १८०८ मध्ये आपला सिनेटर जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सवर चिडून, त्याची टर्म संपायला कितीतरी महिने असताना, त्याच्या जागी पुढचा माणूस निवडूनही टाकला, मग त्याने राजीनामा दिला.

मी ज्याच्यावर काम करतेय तो जॉन टायलर, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तो. १८११ मध्ये, एकविसाव्या वर्षी तो इथे व्हर्जिनियात आमदार झाला. त्याच वर्षी नॅशनल बँकेची मुदत वाढवायची नाही असा व्हर्जिनियाचा आदेश होता. सिनेटर ब्रेंटने तो धुडकावला, आणि दुसरा सिनेटर जाइल्स, त्याने मत बँकेविरुद्धच दिलं पण मला असा आदेश द्यायचा तुम्हाला हक्कच नाही म्हणाला. या पोराने थेट दोघांच्या निषेधाचा ठराव आणला! मग १८३४ मध्ये तो स्वतः सिनेटर असताना, सरकारी पैसा नंतर निघालेल्या दुसऱ्या नॅशनल बँकेतून हलवला म्हणून सिनेटने अध्यक्ष जॅक्सनचा निषेध केला, टायलरचं मत निषेधाच्या बाजूने. दोन वर्षांत व्हर्जिनियात जॅक्सनवाल्यांचं बहुमत झालं आणि आदेश आला, तो निषेध कामकाजाच्या वहीतून खोडायला मत द्या. त्याचं म्हणणं, घटना सांगते की सभागृहाने कामकाजाची नोंद ठेवायची, मग ती खोडायची कशी? पण आदेश मोडायचाही नाही, कारण तरुणपणी दुसऱ्यांना हाच नियम लावला होता. फेब्रुवारी १८३६ मध्ये त्याने राजीनामा दिला. त्याच्याबरोबरचा व्हर्जिनियाचा दुसरा सिनेटर ली मात्र आदेश न मानता आणखी काही महिने तिथेच राहिला. जानेवारी १८३७ मध्ये ती जुनी वही सभागृहात आणून निषेधाच्या नोंदीभोवती काळ्या जाड रेघा मारल्या आणि मजकुरावर आडवं लिहिलं की सिनेटच्या आदेशाने खोडलं.

टायलर थोर माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याने माणसं गुलाम म्हणून बाळगली, आणि ज्या विधिमंडळाला तो इतका मान द्यायचा त्याला मत देणारे फक्त गोरे पुरुष, तेही सगळे नाहीत. हे माझ्या थीसिसमध्ये आहेच, ते बाजूला ठेवून हा विषय लिहिताच येत नाही. पण दिल्ली आणि राज्य यांच्यात नक्की कोण कोणाला बांधील, हा प्रश्न तुम्हीच मला नववीत फळ्यावर काढून दाखवला होता, त्याच प्रश्नावर मी इथे बसलेय बाबा, वाया नाही जात आहे.

आता घरचं. स्लॅबच्या गळतीसाठी पैसे टाकलेत, थोडे कमी आहेत, उन्हाळ्यात स्टायपेंड बंद असतो म्हणून हातात थोडे ठेवलेत, पुढच्या महिन्यात बाकीचे पाठवते, पण पावसाच्या आत काम करूनच घ्या. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नव्हते, ते सारखं मनात येतं. आई तू ठीक आहे ठीक आहे म्हणतेस, पण थेंब वेळेवर घालतेस ना?

नाशिकच्या स्थळाला सध्या नको म्हणून कळवा, मुलगा वाईट आहे म्हणून नाही, मला थीसिस संपल्याशिवाय कोणालाच शब्द द्यायचा नाहीये. आणि माझ्यापायी पिंट्याचं अडवून ठेवू नका, मोठी बहीण बसलीय म्हणून लोक बोलतील ते मी ऐकून घेईन. मुलीकडच्यांना हो सांगून टाका, तारीख फक्त मेच्या शेवटची घ्या, तेव्हा सेमिस्टर संपलेलं असेल. तिकिटाचं मी बघते, बाबा एफडी मोडू नका.

तुमची,
मनू